अंगठाछाप कोण?

आमच्या वऱ्हाडात ज्याला सही करता येत नाही त्याला अंगठाछाप म्हणतात. बँकेत, सोसायटीत, तलाठ्याकडे हा शब्द रोज कानावर येतो. म्हणणाऱ्याला त्यात काही वाटत नाही आणि ऐकणाऱ्याला सवय झालेली असते. मी दहावीपर्यंत शिकलो. सही करतो, पेपर वाचतो, वेळ पडली तर दुसऱ्याचा अर्जही लिहून देतो. म्हणून गाव मला शिकलेल्यांत धरतं. पण वयाच्या साठीनंतर मी एका अंगठा लावणाऱ्या माणसाच्या हाताखाली तीरकमठा करायला शिकलो, आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही. कोणाला पटो न पटो, त्या शब्दाशी माझं भांडण आहे.

तीरकमठा म्हणजे धनुष्यबाण. धनुष्य हा पोथीतला शब्द. आमच्याकडे पोट्टे कमठाच म्हणतात. दसऱ्याच्या सुमारास ओली फांदी वाकवायची, सुतळी बांधायची, तुराटीचा तीर करायचा आणि दोन दिवसांत मोडून टाकायचा, हे खेड्यातल्या प्रत्येकानं केलेलं असतं. त्या खेळण्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलतो तो खऱ्या कमठ्याबद्दल, जो तीस पावलांवरच्या कुटाराच्या पोत्यात तीर रुतवतो आणि वर्षभर वापरला तरी मोडत नाही.

आमचा मोर्शी-वरुडचा पट्टा संत्र्याचा. लोक कौतुकानं त्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. पश्चिमेला मेळघाट. हरभरा सोंगायला, कापूस वेचायला, संत्र्याच्या तोड्याला धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू माणसं आमच्याकडे येतात. शेतातल्या खोलीत राहतात, काम संपलं की जातात. आम्ही त्यांना रोजी किती घेता ते विचारतो, किती जण आहात ते विचारतो. काय काय येतं, हे विचारत नाही. जणू टोपलं उचलण्यापलीकडं त्यांना काही येतच नसावं.

नातवानं मोबाइलवरून बाराशे रुपयांचा फायबरचा कमठा मागवला होता. तो अंगणात खेळत होता आणि तोड्याला आलेला एक म्हातारा कोरकू बांधावर बसून बघत होता. हसला. म्हणाला, "भाऊ, याच्यानं पाखरू बी दचकनार नाई." मी म्हटलं, "बाबाजी, तुमाले येते काय करता?" तो म्हणाला, "येते. पन आता कोन इचारते?"

मी विचारलं, आणि तिथून पुढं दोन हंगाम त्याच्या हाताखाली शिकत राहिलो.

शिकलो ते थोडं सविस्तर सांगतो. हे ज्ञान आहे की नुसती हातचलाखी, ते मग वाचणाऱ्यानंच ठरवावं.

पहिली गोष्ट बांबूची. माझ्या धुऱ्यावर मानवेलाचं बेट आहे. आमच्या कोरड्या भागातला मानवेल बराचसा भरीव निघतो, म्हणून काठीला, बल्लीला चालतो. मी हाताला येईल तो तोडायला निघालो तेव्हा बाबाजीनं थांबवलं. "घाई असन त दुकानातून आना," म्हणाले. यंदाचा कोंब चालत नाही, त्यात पाणी फार. फार जुनाही चालत नाही, तो कडक होतो आणि तडकतो. तीनेक वर्षांचा पाहिजे. तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीत, म्हणजे कीड कमी लागते. मग उन्हात नाही, सावलीत वाळवायचा. आम्ही दिवाळीनंतर तोडला आणि संक्रांतीपर्यंत गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवला. उन्हात टाकला तर बाहेरून भराभर वाळतो, आतून ओला राहतो, आणि उभी चीर जाते.

दुसरी गोष्ट सालीची. बांबू उभा चिरला की त्याला दोन अंगं येतात, बाहेरची साल आणि आतला गर. कमठा ओढला की बाहेरच्या अंगावर ताण येतो आणि आतलं अंग दाबलं जातं. बांबूचा खरा जोर सालीजवळच्या धाग्यांत. म्हणून सालीचं अंग निशाण्याकडं ठेवायचं आणि त्याला हत्यार लावायचं नाही. जे काय तासायचं ते आतून. सालीवर विळ्याचा एक ओरखडा पडला, की पुढं कधीतरी कमठा तिथूनच उडणार. बाबाजी हे शब्दांत सांगत नव्हते. विळा सालीकडं वळला की माझं मनगट धरत होते.

मापाला टेप लागला नाही. लांबी माणसाच्या हनुवटीपर्यंत. मध्ये मुठीच्या जागी अडीच-तीन बोटं रुंदी आणि भरपूर जाडी, दोन्ही टोकांकडं निमुळतं होत एका बोटावर. आधी कोयत्यानं, मग विळ्यानं, शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडायचं. टोकांना खाच. दोरी अंबाडीची, पीळ देऊन मेण लावलेली.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, आणि नवशिक्याचा कमठा मोडतो तो इथंच. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. त्यासाठी गोठ्याच्या खांबाला खुंटी ठोकली, कमठा मुठीच्या जागी तिच्यावर टेकवला आणि दोरी खाली थोडी थोडी ओढायची. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं दूर उभं राहून बघायचं. जिथं जास्त वाकतं तिथं हात लावायचा नाही. जिथं ताठ आहे तिथलंच चार-दोन वेळा खरवडायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं. एकदम पूर्ण ओढायचं नाही. अर्धं वीस-तीस वेळा ओढून त्याला सवय करायची, मग बोटभर पुढं. काढलेलं परत चिकटवता येत नाही, म्हणून कमी काढायचं. या कामात आमचे तीन दिवस गेले. कापूस मोजायच्या स्प्रिंगच्या काट्याला दोरी अडकवून मी ताण मोजला, तर बारा किलो भरला. बाबाजीनं काटा न बघता, बोटानं दोरी ओढून सांगितलं होतं की पोराला हा जड जाईल, त्याच्यासाठी हलका वेगळा करू.

दोरी चढवल्यावर ती मुठीपासून किती दूर हवी? बाबाजीनं कमठ्यावर मूठ ठेवली आणि अंगठा उभा केला. अंगठ्याचं टोक दोरीला टेकलं. "बस," म्हणाले. पुढं नातवानं मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं की इंग्लंडातल्या जुन्या धनुर्धरांचं मापही हेच होतं, मूठ आणि त्यावर उभा अंगठा. ज्या अंगठ्यानं आम्ही त्या माणसाची किंमत केली, तोच अंगठा त्याचं माप होतं.

लाकडाचा कमठा दुसऱ्या हंगामात केला. त्याला आमच्याकडं धामण चांगली. धामणाचं लाकूड लवचीक आणि चिवट, म्हणून जुने लोक अवजारांच्या दांड्यांना तेच निवडायचे. संस्कृतातही या झाडाचं नाव धनुष्यावरून पडलेलं आहे. लाकडात काम बांबूहून कठीण. साल सोलली की खाली जे एका वर्षाचं वलय लागतं, ते टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे, तीच त्याची पाठ. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवायचं. दोरा सरळ जात नसेल तर आपण वाकडं चालायचं, लाकडाला सरळ करायचं नाही. आणि दोन नियम दोन्हीला सारखे. तीर न लावता दोरी ओढून सोडायची नाही, कारण तिराला मिळायचा जोर मग कमठ्याच्याच अंगात जातो. आणि काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. ताणलेला कमठा खुंटीला टांगून ठेवला की त्याचा जीव जातो.

आता मला सांगा, यात किती विषय आले? लाकडाची जात आली, ऋतू आला, ताण आणि दाब आला, माप आलं, वजन आलं, धीर आला. हे ज्याला तोंडपाठ आहे तो अडाणी, आणि ज्याला टीव्हीचा रिमोट बिघडला तर माणूस बोलवावा लागतो तो शिकलेला?

तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? दुकानात मिळतो की. मिळतो. मीही दुकानाच्या विरोधात नाही. बर्लिनमध्ये 2023 च्या ऑगस्टमध्ये नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी एकाच दिवशी जगज्जेते झाले, तेव्हा मीही पेढे वाटले. त्यांच्या हातातला कंपाउंड कमठा चाकांचा, धातूचा. बांबूचा कमठा त्याच्याशी बरोबरी करत नाही. पण तसला कमठा घ्यायचा तर लाखांत पैसे मोजावे लागतात, आणि कापसाच्या भावाकडं बघत बसलेला बाप ते कुठून आणणार? मग खेड्यातल्या पोरानं नेम धरायलाच शिकू नये काय? राजस्थानच्या आदिवासी पाड्यातला लिंबाराम बांबूच्याच कमठ्यावर वाढला आणि तीन ऑलिम्पिक खेळला. झारखंडच्या दीपिकाकुमारीचा पहिला कमठाही बांबूचाच. आपल्या देशातल्या स्पर्धांत इंडियन राऊंड म्हणून प्रकार आहे, त्यात आजही बांबू-लाकडाचा साधा कमठा चालतो. म्हणजे ही वस्तू काही मेलेली नाही. मेलं काय असेल तर ती करणाऱ्याला विचारायची आपली रीत.

दुसरा आक्षेप शिकारीचा. मी खांबाला कमठा लावून बसलेला बघून शेजारी म्हणालेच, "काहो, म्हातारपनी शिकारीले निंगाले काय?" यात चेष्टा आहे, तशी काळजीही आहे, आणि ती काळजी बरोबर आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्यार म्हणून जे मोजलंय त्यात तीरकमठा स्पष्ट आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय तो घेऊन जाता येत नाही. मला तो कायदा मान्य आहे. रोही आणि रानडुक्कर आमचा हरभरा उभाच्या उभा खातात, तरी मी तीर उचलणार नाही आणि कोणी उचलू नये. पण पोत्यावर नेम धरणं म्हणजे शिकार नव्हे. विळ्यानंही खून होतो, म्हणून आपण सोंगणी बंद करत नाही. धुऱ्यावरच्या बांबूचंही तसंच. 1927 च्या वन कायद्यात बांबूला झाड धरलं होतं. 2017 साली दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून निघाला. शेतातला बांबू तोडायचा अडसर गेला. तरी बेट लावणारे थोडे आणि त्यातून काही करणारे त्याहून थोडे.

तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा, आणि माझी खरी तक्रार तिथंच आहे. ते म्हणतात, "ही लोककला जपली पाहिजे." जपणार कशी? एका संग्रहालयात मी असा कमठा काचेत पाहिला. खाली पाटी होती: धनुष्य, बांबू, आदिवासी. करणाऱ्याचं नाव नाही. राजाच्या तलवारीखाली राजाचं नाव असतं, चित्राखाली चित्रकाराचं असतं, इथं जातीचं नाव लिहिलं की काम झालं. आमच्या भागातल्या एका शाळेत स्नेहसंमेलन होतं. पोरांनी पुठ्ठ्याचे कमठे घेऊन, अंगाला पानं बांधून आदिवासी नाच केला. टाळ्या पडल्या. बाबाजी माझ्यासोबत आले होते, ते फाटकाबाहेरच बसले. मी म्हटलं, "चाला ना आत." म्हणाले, "आमचं तिथं काय काम हाये, भाऊ?" मी गुरुजींना म्हटलं की हा माणूस खरा कमठा करतो, पोरांना दाखवू द्या. त्यांनी विचारलं, "यांचं शिक्षण किती?"

हा प्रश्न कोणा एका शाळेचा नाही. तो आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे, माझ्याही पिढीच्या तोंडात होता. आमच्याच विदर्भात, वर्ध्याला, 1937 साली शिक्षण परिषद भरली होती. पोरानं हाताच्या उद्योगातून शिकावं, सूत, शेती, लाकूड यांतूनच गणित आणि विज्ञान यावं, असं गांधीजींनी तिथं मांडलं. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, अभ्यासक्रम झाला. त्यातलं आपल्या शाळेत काय उरलं? कार्यानुभवाची वही आणि दुकानातून विकत आणलेला प्रकल्प. पोराला गोंद लावायलाही बाप लागतो.

एकलव्याची गोष्ट आपण पोरांना सांगतो. त्याचा अंगठा मागितला गेला. त्या गोष्टीत गुरूनं शिष्याचा अंगठा घेतला. आपण त्याच्या पुढं गेलो. आपण ज्याच्याकडून शिकायचं त्याचाच अंगठा शाईत बुडवून घेतो आणि त्यावरून त्याला नाव ठेवतो.

आमच्याला कॅलिफोर्निया म्हणणाऱ्यांनी खऱ्या कॅलिफोर्नियाची एक हकीकत ऐकावी. 1911 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या ओरोव्हिल गावाजवळ एक उपाशी आदिवासी माणूस सापडला. याही जमातीचा. त्याची सगळी माणसं मारली गेली होती, मेली होती. तो एकटा उरला होता. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात नेऊन ठेवलं. त्यानं आपलं नाव सांगितलं नाही, म्हणून त्याच्याच भाषेतला माणूस या अर्थाचा शब्द त्याला नाव म्हणून दिला, इशी. शेजारच्या दवाखान्यात सॅक्स्टन पोप नावाचा सर्जन होता. तो इशीकडं गेला, त्याच्यासोबत बसला, कमठा करायला आणि तीर सोडायला शिकला. 1916 साली इशी क्षयानं वारला. पुढं 1923 मध्ये पोपनं पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेत हातानं कमठा करणारे लोक अजून त्या दोघांची नावं जोडीनं घेतात. एका डॉक्टरला निरक्षर माणसाच्या पायाशी बसायला लाज वाटली नाही, म्हणून ती विद्या उरली. पण शिकणारा आला तोवर जमात संपली होती, हेही विसरू नये.

आपल्याकडं माणसं आहेत. कोरकू आहेत, त्यांची भाषा आहे, घरं आहेत. चालला आहे तो हातातला हुनर. बाबाजीचा मुलगा पुण्याकडं बांधकामावर आहे. त्याला कमठा येत नाही आणि त्याला मी बोल लावत नाही. ज्या कामाचा रुपया मिळत नाही आणि ज्या कामापायी लोक हसतात, ते त्यानं का शिकावं? यंदा बाबाजी आले नाहीत. गुडघे धरले म्हणून निरोप आला. कमठा मला आला, पण तिराला पीस बांधायचं माझं अर्धंच शिकून झालं आहे. तीन पिसं कुठल्या अंगानं बसवायची, कशानं चिकटवायची, कुठवर गुंडाळायची, ते त्यांच्या बोटांत आहे. हंगाम झाला की मी त्यांच्या गावी जाणार आहे, आणि जाताना मजुरीचा हिशेब घेऊन नाही, विद्यार्थी म्हणून जाणार आहे.

मला जे म्हणायचं ते सरळ सांगतो. लोककला जपा म्हणून भाषण करू नका. शिकायला बसा. ज्याच्याकडून शिकाल त्याला त्या दिवसाची रोजी द्या आणि वर गुरुदक्षिणा द्या, कारण तुमच्याजवळ बसला त्या दिवसाचं त्याचं काम बुडतं. शाळेत बाहेरून व्याख्याता बोलवतात त्याला मानधन असतं, शाल-श्रीफळ असतं. तेच मानधन, तीच शाल कमठा करणाऱ्याला, टोपलं विणणाऱ्याला, तिफण भरणाऱ्या सुताराला द्या, आणि त्याला फळ्यासमोरच्या खुर्चीवर बसवा. कमठा भिंतीवर टांगायचाच असेल तर खाली त्याचं पूर्ण नाव आणि गाव लिहा. पोरांना पुठ्ठ्याचा कमठा देऊ नका. आठवी-नववीच्या पोराला विळा धरता येतो. त्याला चिरलेला बांबू द्या, काचेऐवजी कानस द्या, मोठं माणूस जवळ ठेवा आणि पंधरा दिवस द्या. पहिला मोडेल. मोडू द्या. कुठून मोडला ते त्यालाच शोधू द्या, तेवढ्यात त्याचा विज्ञानाचा एक धडा होतो.

आणि आम्हा शेतकऱ्यांना वेगळं सांगतो. आम्ही स्वतःला जगाचा पोशिंदा म्हणवतो. शहरवाला आम्हाला अडाणी समजतो म्हणून आम्हाला राग येतो, आणि तो राग खरा आहे. पण आम्ही आमच्या बांधावरच्या माणसाशी तेच करतो. कमठा करताना मी शिकलो की जिथं आधीच वाकलं आहे तिथलं आणखी काढलं तर मोडतं. काढायचं ते ताठ्यातून. गावात मात्र आम्ही उलट करतो. जो वाकलेला आहे त्यालाच खरवडतो.

आंबियाचा तोडा आता सुरू होईल. गाड्या लागतील, क्रेट येतील, धारणीकडची माणसं उतरतील. संध्याकाळी रोजी वाटताना एक प्रश्न जास्तीचा विचारा: बाबाजी, तुमाले काय काय येते? आणि उत्तर मिळालं तर खाली बसा, कारण ते उभ्याउभ्या सांगण्यासारखं नसतं.